गावच्या लोरा जाळ्यात कोणाच्या भरवशावर राहायचं?

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे डोंगराच्या एका अंगाला रेंज असते, दुसऱ्या अंगाला नसते. यवतमाळ-वर्ध्याकडे रात्री वावरात जागलीला गेलेल्या माणसाचा फोन लागेलच याचा नेम नाही. अशा ठिकाणी टॉवरशिवाय चालणारं लोरा रेडिओचं (कमी विजेत लांब पल्ला गाठणाऱ्या रेडिओचं) जाळं कामी येतं. हजार-दोन हजारांपासून सुरू होणारे छोटे बोर्ड, त्यावर मेशटॅस्टिक नावाचं मोफत फर्मवेअर आणि ब्लूटूथने जोडलेला साधा फोन, एवढ्यावर ते उभं राहतं.

याला मोबाइल ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. मध्ये टॉवर नाही, मालक नाही. प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला एकेक बोर्ड, स्वतःचा निरोप पाठवतो आणि दुसऱ्याचाही पुढे ढकलतो. माणसं हलली की वाट बदलते. यातच त्याची ताकद आहे आणि यातच मेख: तुमचा निरोप अशा नोडमधून जातो जो तुमच्या ताब्यात नाही. तो निरोप पुढे ढकलेल का, गिळून टाकेल का, दुसऱ्याच्या नावाने खोटा निरोप सोडेल का, हे ठरवायची पद्धत म्हणजे विश्वास व्यवस्थापन.

पाच ते दहा नोडचं जाळं धरून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. नवखी मंडळी जिथे हमखास घसरतात त्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. ओळख पक्की होण्याआधी विश्वासाचे आकडे काढत बसू नका, त्यांना काडीचा अर्थ नसतो. आणि निरोप हरवला की लगेच नोडला चोर ठरवू नका. आपल्याकडे बहुतेक निरोप बॅटरी, ऊन, भारनियमन आणि सागाच्या पानांमुळे हरवतात.

सामान आणि कायदा

बोर्ड घेताना ८६८ मेगाहर्ट्झचा घ्या. ४३३ चा स्वस्तात मिळाला तरी नको. फिरत्या माणसासाठी आणि सोलरवर ठेवायच्या नोडसाठी एनआरएफ-५२८४० चिपचा बोर्ड बरा, उदाहरणार्थ रॅक ४६३१. ईएसपी-३२ चिपचे बोर्ड (हेल्टेक व्ही-३, टी-बीम) स्वस्त पडतात आणि शिकायला चांगले, पण वीज जास्त खातात. ढोबळ हिशेब असा: २५०० एमएएचचा एक १८६५० सेल ईएसपी-३२ ला साधारण एक दिवस पुरतो, एनआरएफला आठ-दहा दिवस. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत प्लगवर चालणार असेल तर हेल्टेक चालतो.

अँटेना लावल्याशिवाय बोर्डला वीज देऊ नका. अँटेना नसताना प्रसारण झालं तर रेडिओ चिप जळू शकते, आणि ती जळाली हे लगेच कळतही नाही. नोड चालू दिसतो, फक्त पल्ला शंभर मीटरवर येतो.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो, आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. अट अशी की प्रसारण शक्ती १ वॅटपर्यंत आणि वाहक रुंदी (बँडविड्थ) २०० किलोहर्ट्झपर्यंत असावी. शक्तीची काळजी नाही, या बोर्डांची कमाल २२ डीबीएम म्हणजे सुमारे १६० मिलीवॅट असते. रुंदीकडे मात्र कोणी पाहत नाही. मेशटॅस्टिकचा ठरलेला प्रीसेट (वेग आणि पल्ल्याची तयार सेटिंग) ‘लाँग फास्ट’ २५० किलोहर्ट्झ वापरतो. ‘लाँग मॉडरेट’ घ्या, तो १२५ मध्ये बसतो. वेग कमी होतो, पण पल्ला थोडा वाढतो.

गडचिरोलीत किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत काम असेल तर नोड लावण्याआधी पोलिस ठाण्याला आणि वनविभागाला लेखी कळवा, पोच घ्या. जंगलात झाडावर बांधलेली, दिवा लुकलुकणारी डबी सापडली तर ती कशाची आहे हे नंतर समजावत बसण्यापेक्षा हे फार सोपं.

पहिल्या दिवशीची सेटिंग

सगळे नोड एका टेबलावर आणा. ज्याचा नोड त्याने घरी बसवून आणायचा, हे चालणार नाही. ओळखीची सुरुवात याच टेबलावर होते.

प्रत्येक बोर्ड पूर्ण पुसून त्यात ताजं फर्मवेअर भरा, विक्रेत्याने आधीच भरून दिलेलं असलं तरी. कारण ठोस आहे. आवृत्ती २.५.० पासून २.६.११ च्या आधीपर्यंतच्या काळात काही विक्रेत्यांनी एकाच नमुन्याची नक्कल अनेक बोर्डांत भरली, आणि त्या सगळ्या बोर्डांत एकच खाजगी चावी गेली. म्हणजे भलत्याच माणसाकडचा बोर्ड तुमचे खाजगी निरोप उघडू शकतो. २.६.११ किंवा त्यानंतरची आवृत्ती भरताना ‘पूर्ण पुसा’ हा पर्याय निवडा. नुसतं अपडेट मारून भागवू नका. नंतर रीजन ‘आयएन’ करा. रीजन ठरवेपर्यंत नोड प्रसारण करत नाही, त्यामुळे नवीन नोड मुका वाटला तर आधी हेच तपासा.

मग प्रीसेट लाँग मॉडरेट आणि हॉप मर्यादा ३, म्हणजे निरोप जास्तीत जास्त तीनदा पुढे ढकलला जाईल. पुष्कळ जण ‘लांब जाईल’ म्हणून हॉप ७ करतात. छोट्या जाळ्यात त्याने एकच निरोप पुन्हा पुन्हा आदळत राहतो आणि हवा भरून जाते. या वेगाला शंभर बाइटचा निरोप हवेत साडेतीन-चार सेकंद असतो, तेवढा वेळ ऐकू येण्याच्या टप्प्यातल्या बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. मेशटॅस्टिकच्या फोन ॲपमधला चॅनल वापराचा आकडा २५ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. ठिकाण सांगणारे संदेश ठरलेल्या पंधरा मिनिटांऐवजी दोन तासांवर न्या. जागलीला जाणाऱ्यांचे तर बंदच करा. रात्री कोणत्या धुऱ्यावर कोण एकटा आहे हे हवेत सांगत फिरायची गरज नाही.

फ्रीक्वेन्सी स्लॉट हाताने ठरवा. मेशटॅस्टिकच्या ‘आयएन’ रीजनमध्ये, म्हणजे ८६५ ते ८६७ मध्ये, १२५ किलोहर्ट्झचे १६ स्लॉट बसतात. शून्य ठेवला तर स्लॉट चॅनलच्या नावावरून आपोआप निघतो, आणि उद्या नाव बदललं की स्लॉटही बदलतो. अर्धे नोड जुन्यावर, अर्धे नव्यावर, आणि दोन्हीकडची माणसं म्हणतात रेडिओ बिघडला.

एक बारकावा मराठी निरोपांचा. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि अनुस्वार तीन-तीन बाइट खातो. ‘पूल बंद’ एवढ्याला १९ बाइट लागतात. म्हणजे मात्रा धरून साठ-पासष्ट चिन्हांत निरोप संपवायचा. इंग्रजी अंकाला एकच बाइट लागतो, म्हणून वेळ आणि क्रमांक त्या अंकांत टाइप करा. दहा-बारा नेहमीच्या निरोपांचे ठरीव शब्द आधीच लिहून ठेवा, पुढे त्यांचा दुसराही उपयोग येणार आहे.

चॅनलची चावी काय करते, काय करत नाही

नव्या नोडवर एक ठरलेली चावी असते. ती जगभर सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर चालणारं एन्क्रिप्शन नावापुरतं. प्राथमिक चॅनलला गावाचं नाव न देता साधं वेगळं नाव द्या आणि ॲपमधून २५६ बिटची नवी यादृच्छिक चावी तयार करा. तिचा क्यूआर कोड टेबलावरच एकेका फोनने स्कॅन करायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. टाकलात तर ती चावी ग्रुपमधल्या सगळ्यांची, त्यांच्या फोनच्या बॅकअपची आणि पुढे ग्रुपमध्ये येणाऱ्यांचीही झाली.

आता या चावीची मर्यादा. चॅनलच्या निरोपावर एईएस एन्क्रिप्शन असतं, पण निरोप नेमका कोणी लिहिला याची शिक्कामोर्तब त्यात नसते. चॅनलची चावी ज्याच्याकडे आहे तो थोडी खटपट करून दुसऱ्याच नोडच्या क्रमांकाने निरोप सोडू शकतो. नाव तर काय, कोणीही स्वतःच्या नोडला ‘सरपंच’ म्हणू शकतो. चॅनलवर आलेला निरोप ‘आपल्यापैकी कोणीतरी म्हणतंय’ एवढाच समजायचा.

शिवाय पॅकेटचा वरचा भाग उघडाच जातो: कोणाकडून, कोणाला, क्रमांक, किती हॉप उरले. मजकूर कळला नाही तरी कोण कोणाशी किती वाजता बोलतं हे बाहेरच्या माणसाला दिसतं.

जुनं पॅकेट रेकॉर्ड करून पुन्हा सोडता येतं, हाही धोका धरून चला. नोड नुकत्याच ऐकलेल्या पॅकेटांचे क्रमांक लक्षात ठेवतो आणि दुबार आलेलं टाकून देतो, पण ती यादी छोटी असते आणि नोड बंद-चालू झाला की पुसली जाते. कालचं ‘पूल चालू’ आज पुन्हा आलं तर? म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक निरोपात वेळ आणि दिवसाचा अनुक्रमांक घाला: ‘1430 / 7 / पूल बंद’. क्रमांक ७ नंतर ५ आला तर तो निरोप मानायचा नाही.

ओळख: समोरासमोर, एकदाच, पण नीट

आवृत्ती २.५ पासून थेट निरोपांसाठी प्रत्येक नोडची स्वतःची चाव्यांची जोडी असते: एक खाजगी, एक इतरांना द्यायची सार्वजनिक. थेट निरोप याच चाव्यांनी बंद होतो, आणि तो कोणाकडून आला हेही त्यात तपासलं जातं. ॲपमध्ये हिरवं कुलूप दिसलं म्हणजे हे चालू आहे. पिवळं उघडं कुलूप म्हणजे निरोप चॅनलच्या सामायिक चावीवर चालला आहे. पूल, औषध, पैसे, माणसांची ने-आण अशा कुठल्याही गोष्टीचा निरोप हिरव्या कुलपाशिवाय पाठवू नका, आलाच तर फिरून विचारा.

इथे फट कुठे आहे? समोरच्या नोडची चावी पहिल्यांदा जी हवेतून येते तीच तुमचा नोड खरी मानतो. पहिली चावीच खोटी आली तर पुढचं सगळं खोट्यावर उभं. म्हणून टेबलावर बसल्या बसल्या दोघांनी एकमेकांचे फोन शेजारी धरून सार्वजनिक चावी ताडून पाहायची. ती ४४ चिन्हांची असते. सुरुवातीची चार अक्षरं पाहून मान डोलावू नका, पूर्ण वाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट फिरवायचं. दहा नोडच्या पंचेचाळीस जोड्या होतात. एवढ्या सगळ्या ताडत बसण्यापेक्षा ज्यांच्यात खरोखर महत्त्वाचे निरोप जाणार आहेत त्या जोड्या निवडा: आशाताई आणि उपकेंद्र, शाळा आणि ग्रामपंचायत, जागली आणि घर.

ही सगळी माहिती एका वहीत उतरवा. नोडचा क्रमांक, कोणाकडे आहे, कधी दिला, चावी कोणासमोर ताडली, सही. ही वही हेच तुमचं प्रमाणपत्र कार्यालय. नवीन नोड या वहीत आल्याशिवाय जाळ्यात घ्यायचा नाही. हा नियम ढिला सोडला की एकच माणूस पाच बोर्ड घेऊन पाच जणांच्या सोंगात वावरू शकतो. याला सिबिल हल्ला म्हणतात, २००२ मध्ये डूसर यांनी तो मांडला. मध्ये कोणी नोंद करणारं नसेल तर नुसत्या रेडिओवरून तो ओळखणं जवळपास अशक्य असतं. विश्वास घालवलेला नोड नाव बदलून नव्याने येतो, तेही याच वहीने थांबतं.

पुढे कधी लाल चावीची खूण दिसली तर त्या नोडची चावी नोंदलेल्या चावीशी जुळत नाही असा अर्थ. बहुतेक वेळा कोणीतरी फॅक्टरी रीसेट मारलेलं असतं. तरीही नोड पुसून पुन्हा जोडून टाकायची घाई नको. फोन करा किंवा भेटा, विचारा, वहीत लिहा, मगच. हे टाळायला पहिल्याच दिवशी प्रत्येक नोडच्या चाव्यांचा बॅकअप घेऊन ठेवा.

टाकीवरचा नोड

गावातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे पाण्याची उंच टाकी. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. अँटेना वीजरोधकाच्या टोकापेक्षा खाली राहिली पाहिजे. डबी सावलीच्या बाजूला, पांढऱ्या रंगाची, खालून वायर आत घेतलेली हवी. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांवर गेला की त्याला चार्ज करू नये, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच तेवढी तापते. उन्हात ठेवलेल्या बंद डबीचं काय होईल ते सांगायला नको. सेल फुगला की व्होल्टेज ठीक दाखवतो आणि प्रसारणाच्या क्षणी कोसळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नोड मुद्दाम निरोप गिळतोय.

या नोडला ‘राउटर’ भूमिका देऊ शकता, पण फक्त यालाच. मेशटॅस्टिकमध्ये निरोप पसरवताना राउटर बाकीच्यांच्या आधी बोलतो, आणि त्याचं बोलणं ऐकून शेजारचे साधे नोड गप्प बसतात. राउटर उंचावर असेल तर छानच. पण कोणी हौसेने टिनाच्या गोठ्यात राउटर ठेवला तर तो पहिला बोलतो, शेजारी गप्प होतात, आणि त्याचा आवाज मात्र गोठ्याबाहेर जात नाही. पाठ्यपुस्तकात ज्याला ब्लॅकहोल हल्ला म्हणतात तो इथे वाईट हेतूशिवाय घडला. नव्या जाळ्यात निरोप गडप होत असतील तर आधी किती जणांनी राउटर निवडलंय ते मोजा. एकाच घरात दोन-तीन नोड असतील तर एक ‘क्लायंट’ (साधा नोड) आणि बाकी ‘क्लायंट म्यूट’ (दुसऱ्याचे निरोप न ढकलणारे).

उंचावरच्या नोडचा ब्लूटूथ पिन बदला. पडदा नसलेल्या बोर्डांवर तो १२३४५६ असतो आणि खाली उभं राहून कोणीही जोडू शकतो. दूरून व्यवस्था करण्यासाठी विश्वासातल्या दोन माणसांच्या नोडच्या सार्वजनिक चाव्या ‘ॲडमिन की’ म्हणून भरा. दूरची आज्ञा खरंच चालते का ते खाली असतानाच पाहा, आणि मगच ‘मॅनेज्ड मोड’ (यात सेटिंग फक्त दूरच्या ॲडमिन आज्ञेनेच बदलते) चालू करा. उलट्या क्रमाने केलंत तर तुम्हीच बाहेर कुलूपबंद होता, आणि यूएसबी वायर घेऊन टाकी चढावी लागते.

पुनर्प्रसारणाचा पर्याय ‘लोकल ओन्ली’ ठेवा, म्हणजे तुमचा नोड स्वतःच्या चॅनलचेच निरोप पुढे ढकलतो. एमक्यूटीटी (निरोप इंटरनेटला जोडणारी सोय) बंद. ते चालू राहिलं तर गावातले निरोप इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे जातात. शिवाय साठ किलोमीटरवरचा नोड शेजारी असल्यासारखा यादीत दिसायला लागतो आणि वाटांचा सगळा हिशेब चुकतो.

विश्वास मोजायचा कसा

सन २००० मध्ये मार्टी आणि सहकाऱ्यांनी ‘वॉचडॉग’ची कल्पना मांडली: मी शेजाऱ्याला निरोप दिला, आता तो पुढे ढकलतो का ते मीच कान देऊन ऐकायचं. मेशटॅस्टिक चॅनलच्या निरोपाला हेच करतं. ॲपमध्ये ढगाच्या चित्रात बरोबरची खूण आली म्हणजे निदान एका नोडने तुमचा निरोप पुन्हा बोलून दाखवला. तो हव्या त्या माणसापर्यंत पोचला, असा त्याचा अर्थ काढू नका. थेट निरोपाला माणसाच्या चित्राजवळ खूण येते ती खरी पोच.

वॉचडॉगच्या मर्यादा त्याच शोधनिबंधात लिहिल्या होत्या. दोन प्रसारणं आदळली तर मला शेजाऱ्याचं ऐकू येत नाही. पुढच्याकडे आदळली तर शेजारी बोलला, पण निरोप पोचला नाही. लबाड नोड मला ऐकू जाईल इतक्याच शक्तीने बोलू शकतो. आपल्या जाळ्यात आणखी एक भर: राउटर आधी बोलला म्हणून शेजारी नियमानेच गप्प बसला असेल. तेव्हा शेजाऱ्याच्या गप्पपणावरून काहीच मोजू नका. फक्त थेट निरोपाची पोच मोजा, आणि तीही अशा जोडीत जिथे मध्ये एकच नोड आहे. कोण मध्ये आहे ते ॲपमधल्या ट्रेसराउटने (निरोपाची वाट दाखवणाऱ्या चाचणीने) कळतं. दोन ट्रेसराउटमध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या.

सूत्र सोपं आहे, बीटा पद्धतीचं, २००२ मध्ये योसांग आणि इस्माइल यांनी दिलेलं. यशात एक मिळवा, त्याला यश अधिक अपयश अधिक दोन याने भागा. नव्या नोडची सुरुवात ०.५ पासून होते: ना विश्वास, ना अविश्वास. ही गणना फर्मवेअर करत नाही, वहीत किंवा एक्सेलमध्ये तुम्हालाच करायची आहे. आठवड्याला जोडीमागे दहा ते वीस चाचणी निरोप पुरेत.

एक नोड ट्रॅक्टरवर बसवला आहे असं धरा. पहिल्या आठवड्यात २० पैकी १८ पोचले: १९ भागिले २२, म्हणजे ०.८६. दुसऱ्या आठवड्यात १० पैकी ३ च पोचले. सरसकट बेरीज केली तर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. जुन्या पुण्याईवर नोड तरून जातो. आधी चांगलं वागून विश्वास कमवायचा आणि मग दगा द्यायचा, अशा हल्ल्याला हीच ढिलाई लागते. म्हणून दर आठवड्याला जुने आकडे अर्धे करा. १८ चे ९, २ चा १. आता यश १२, अपयश ८: १३ भागिले २२, म्हणजे ०.५९.

इथवर पुस्तकात मिळतं. वहीत एक रकाना ‘सबब’ म्हणून वाढवा. प्रत्येक अपयशाच्या वेळी त्या नोडच्या बॅटरीचं व्होल्टेज, सिग्नलचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) आणि त्या वेळी गावठाणाची वीज होती का, एवढं लिहा. बॅटरी ३.५ व्होल्टच्या खाली, किंवा एसएनआर उणे १५ पेक्षा वाईट (या प्रीसेटची शेवटची मर्यादाच उणे १७.५ आहे), किंवा वीज गेलेली, तर ते अपयश सबबीत टाका, नोडच्या खात्यात नको. वरच्या सातपैकी पाच वेळा बॅटरी ३.५ च्या खाली निघाली असं समजा. मग अपयश १ अधिक २, म्हणजे ३. तेरा भागिले सतरा: ०.७६. हा नोड काढायचा नाही, त्याचा सेल बदलायचा. सबबीचा रकाना नसलेल्या जाळ्यात सगळ्यात आधी बाहेर पडतो तो सगळ्यात दूरच्या, गरीब पाड्यातला नोड, कारण वीज आणि पल्ला दोन्ही त्याचेच वाईट असतात.

उलट बाजूही पाहा. सबब कायमची माफी होऊ देऊ नका. दोन आठवडे सलग सबबी भरल्या तर नोड जाऊन बघायचा.

खरा दगा वेगळा दिसतो. बॅटरी ४ व्होल्ट, सिग्नल ठणठणीत, आणि तरी एकाच माणसाचे निरोप गळतात, बाकीच्यांचे जातात. पाठवणाऱ्याचा क्रमांक उघडा असल्यामुळे हे करता येतं. किंवा ठरावीक वेळीच गळतात. नुसत्या टक्केवारीत हे दडतं, म्हणून पाठवणाऱ्यानुसार वेगळा हिशेब ठेवा.

आमचा कामचलाऊ नियम असा: ०.७५ च्या वर मधला दुवा म्हणून चालेल. ०.५ ते ०.७५ असेल तर महत्त्वाचा निरोप दुसऱ्या वाटेनेही पाठवा. त्याखाली तपासणी. आणि दहापेक्षा कमी चाचण्यांवर निकाल नाही, कारण दोनपैकी दोन पोचले तरी आकडा ०.७५ च येतो.

शिकताना हे सगळं मुद्दाम घडवून पाहा. तीन नोड एका ओळीत ठेवा, पहिल्याला तिसरा थेट ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. मधला ‘क्लायंट म्यूट’ करा. तो स्वतःचे निरोप पाठवेल, दुसऱ्याचे ढकलणार नाही, म्हणजे स्वार्थी नोड तयार झाला. वहीत आकडा कसा घसरतो ते बघा, मग त्याला पुन्हा ‘क्लायंट’ करून वर यायला किती आठवडे लागतात तेही बघा. ही कवायत मार्चमध्ये केली तर जुलैत पुन्हा करा. मार्चमध्ये साग उघडा असतो आणि वावर रिकामं. जुलैनंतर पानं भरतात, पुढे तूर आणि पऱ्हाटी डोक्याला येते. उन्हाळ्यात पोचणारा दुवा पावसाळ्यात तुटला तर नोडच्या नावाने बोटं मोडू नका.

दुसऱ्याचं ऐकायचं का?

दहा नोडच्या जाळ्यात ‘तो नोड खराब आहे’ अशी आवई चटकन पसरते, आणि त्यामागे कधी कधी धुऱ्याचं भांडण असतं. संशोधनातही यावर दोन मतं आहेत. कॉन्फिडंट ही पद्धत वाईट वर्तनाची खबर इतरांना देते, कोअर ही पद्धत दुसऱ्याकडून फक्त चांगली खबर घेते. दोन्ही २००२ च्या. गावासाठी दुसरी बरी. वाईट खबर आली तर ती चाचणीचं कारण समजा, आकड्यात मिसळू नका. चांगली खबर अर्ध्या वजनाने घ्या.

नोड हरवला किंवा चोरीला गेला तर

बोर्ड ज्याच्या हातात त्याला यूएसबीवरून चॅनलची चावी वाचता येते. म्हणजे एक नोड गेला की सगळ्यांची चॅनल चावी गेली. ‘इग्नोर’ दाबून भागत नाही. त्याने त्या नोडचे स्वतःचे निरोप तुम्हाला दिसायचे थांबतात, पण तो अजून ऐकतो आणि इतरांचे निरोप ढकलण्याच्या साखळीत घुसू शकतो.

नेहमीचा चावीबदल वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. तेव्हा स्लॉट तोच ठेवा. नवी चावी प्राथमिक, जुनी दुय्यम चॅनल म्हणून आठवडाभर राहू द्या, आणि बाजाराच्या दिवशी एकेकाचा फोन स्कॅन करून घ्या. आठवडा संपला की जुनी काढा. कोणी राहिलाच तर त्याने यावं, चावी त्याच्याकडे पाठवायची नाही.

चोरीनंतरचा बदल वेगळा. जुनी चावी क्षणभरही ठेवायची नाही, आणि चावीसोबत स्लॉटही बदलायचा, नाहीतर चोरलेला नोड मजकूर न वाचताही त्याच लहरीवर आधी बोलून बाकीच्यांना गप्प करू शकतो. बदल होईपर्यंत चॅनलवर फक्त एक ठरीव शब्द जाऊ द्या, ज्याचा अर्थ ‘नोड घेऊन ग्रामपंचायतीत या’. पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या यादीत हा शब्द असला पाहिजे. सगळे जमले की वहीतून हरवलेल्या नोडची ओळ लाल शाईने काढा, प्रत्येकाच्या ॲपमधून तो नोड पुसा, त्याची चावी कुठे ‘ॲडमिन की’ म्हणून भरलेली असेल तर आधी ती काढा, आणि मगच नवा क्यूआर उघडा. टाकीवरच्या नोडचा बदल बाकीच्यांनंतर, दूरच्या आज्ञेने; ती आज्ञा देणारा ॲडमिन नोड मात्र त्याच्याही नंतर बदला, नाहीतर आज्ञा जुन्या स्लॉटवर पोचणारच नाही. टाकीवरचा नोड आधी बदललात तर पाड्यावरच्या उरलेल्या नोडपर्यंत तो ठरीव शब्दही पोचणार नाही.